कपाट क्रमांक ७: धोतऱ्याचं एक परकं शीट

सोमवार, ४ ऑगस्ट

कॉलेजच्या हर्बेरियममधली, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, जुनी शीटं मोजून स्कॅन करणं चालू आहे. सहावं कपाट शनिवारी आटोपलं. आज सातवं: वांग्या-बटाट्याचं कुळ, सोलॅनेसी. कुलूप गंजलेलं. काकांनी खोबरेल तेल सोडून, दोन शिव्या घालून उघडलं. डांबरगोळ्यांचा असा भपका आला की दोघंही दहा मिनिटं व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो.

खालच्या दोन खणांत कीड. तंबाखूच्या चार शीटांची चाळण झालीय. ही भुंगेऱ्यांची जातच तंबाखूवर जगणारी, त्यांना काय बोलणार. ती चार आणि शेजारचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून डीप फ्रीझरमध्ये टाकले. उणे २० अंश, एक आठवडा.

मोजदाद: २११ शीटं, पैकी धोतरा २३.

दाराला चिठ्ठी लावली: हातमोजे घालणे. कीड लागू नये म्हणून जुनी शीटं मर्क्युरिक क्लोराइड लावून ठेवलेली आहेत. काका म्हणतात, "ताई, तीस वर्षं उघड्या हातांनी उचलतोय, काय झालं मला?" त्यांना उत्तर दिलं नाही, मोजे दिले.

धोतऱ्याच्या फोल्डरच्या तळाशी वर्तमानपत्राची एक घडी आहे. आत न चिकटवलेला नमुना दिसतोय. सहा वाजले होते, तशीच ठेवली.

मंगळवार, ५ ऑगस्ट

घडी उघडली. वर्तमानपत्र इंग्रजी, पण इथलं नाही. फ्रिज आणि मोटारींच्या जाहिराती, भाव डॉलरमध्ये. आत दोन फांद्या, सात पानं, एक झुकलेलं काटेरी फळ, आणि एका कागदी पाकिटात सुटं पडलेलं फूल, चहाच्या फडक्यासारखं तपकिरी. सगळ्याखाली टाइप केलेलं लेबल. मराठीत उतरवून घेतलं ते असं:

"अ‍ॅरिझोनाच्या वनस्पती. पिमा काउंटी, सांता कॅटालिना डोंगर, साबिनो कॅनियन. कॅनियनच्या तळाशी, वाळूच्या ओढ्यात. उंची २८०० फूट. जाड मुळावर वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. पसरट, ३ फूट उंच. फुलं पांढरी, कडेला जांभळट झाक, संध्याकाळी उमलतात, सुवासिक. १२ सप्टेंबर १९६१."

नाव दिलंय दातुरा मेटेलॉइडिस. संग्राहकाचा क्रमांकही आहे.

हे इथे कसं आलं ते आवक-जावक रजिस्टरमध्ये सापडलं. १९६४ साली अदलाबदलीत चाळीस नमुने आले, आपण सह्याद्रीतले चाळीस पाठवले. बाकीचे एकोणचाळीस आपापल्या कुळांच्या कपाटांत गेले असणार. हे एक चिकटवायचं राहून गेलं.

मग आपली २३ शीटं काढून त्यांची लेबलं वाचली. "पुणे. रस्त्याकडेला." "पुणे, टेकडी." "मुठा काठ, सर्वत्र." फुलाचा रंग फक्त चार लेबलांवर. वास एकावरही नाही. मूळ, वय, उमलण्याची वेळ, काही नाही. चरफडत खाली खाली जात होते तर एकोणिसाव्या शीटवर माझंच अक्षर. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाचं सबमिशन. "दातुरा. पुणे. सामान्य." एवढंच. तेव्हा या शीटला दहापैकी आठ मिळाले होते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

डिसेंबरच्या प्रदर्शनासाठी निवडक शीटांचा मराठी गोषवारा लागणार आहे. 'कॅनियन'वर अडले. दरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवा उतार आणि खाली धुकं. खिंड म्हणजे पलीकडे जायची वाट. नाळ चढायची असते. त्यातल्या त्यात घळ जवळची: दोन्ही बाजूंनी कातळ, मधून पाणी. पण घळ म्हटलं की ओल आलीच, आणि हे सोनोराचं वाळवंट, काठावर सग्वारोचे खांबासारखे निवडुंग. 'वाळवंटातली घळ' लिहून पाहिलं. मॅडमनी खोडून कॅनियनच ठेवलं. म्हणाल्या, "लोकांना कळतं गं." कळतं हे खरं, पण सकाळ गेली त्याचं वाईट वाटलं.

लेबलवरच्या 'वॉश'साठी मात्र आपला शब्द तयार आहे: कोरडा ओढा. वर्षभर वाळू, पाऊस झाला की दोन तास लोंढा.

तारखेकडे आज नीट लक्ष गेलं. १२ सप्टेंबर. कॅनियनजवळच्या टूसॉन शहराकडेही उन्हाळ्यात पाऊस येतो आणि तिथले लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्यांचा सरकारी पावसाळा. म्हणजे संग्राहक त्यांच्या भाद्रपदात गेला होता. उंचीही ओळखीची निघाली. २८०० फूट म्हणजे साधारण ८५० मीटर, आपल्या वेताळ टेकडीच्या माथ्यापेक्षा थोडीशी जास्त.

मंगळवार, १२ ऑगस्ट

नावाचा गुंता. सगळा दिवस यात गेला आणि एकही शीट स्कॅन झालं नाही, तरी लिहून ठेवते. पुढच्या माणसाचा दिवस वाचेल.

मेटेलॉइडिस हे नाव १८५२ साली दुनाल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने छापलं. त्याच्यापुढे आधार होता मेक्सिकोतल्या सेसे आणि मोसिन्यो यांच्या मोहिमेतल्या चित्राचा. त्या चित्रांची गोष्ट अशी की मोसिन्यो ती घेऊन निर्वासितासारखा फिरत होता आणि शेवटी त्याने ती फ्रान्समधल्या मोंपेलिए इथे द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवली. १८१७ मध्ये स्पेनला परतायची संधी आली तेव्हा त्याने चित्रं परत मागितली. तोवर जिनिव्हाला गेलेल्या द कांदोलने गावातल्या शंभराहून अधिक लोकांना, बहुतेक बायकांना, कामाला लावलं आणि दहाएक दिवसांत हजारभर चित्रांच्या नकला करून घेतल्या. आमच्या स्कॅनरला दहा दिवसांत तीनशेच्या वर जाता आलेलं नाही.

तर ते चित्र मेक्सिकोतल्या दुसऱ्याच धोतऱ्याचं, दातुरा इनॉक्सियाचं, असं पुढे ठरलं. त्यामुळे मेटेलॉइडिस हे नाव तिकडे गेलं. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या, जाड मुळाच्या, फुलाच्या कडेला पाच शेपट्या असलेल्या धोतऱ्याला नाव उरलं दातुरा राइटिआय. रेगेलने १८५९ साली दिलेलं, चार्ल्स राइट या संग्राहकाच्या नावावरून. पण अमेरिकेतल्या जुन्या लेबलांवर मेटेलॉइडिसच असतं. आपल्या लेबलवरही तेच.

आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा (१९०१ ते १९०८) अजून आमच्या टेबलावर असते. त्या काळच्या ग्रंथांत ज्याला मेटेल म्हटलंय तो आजचा इनॉक्सिया, आणि ज्याला फास्टुओसा म्हटलंय तो आजचा खरा मेटेल. तेव्हा जुन्या शीटवर 'मेटेल' दिसलं की आधी साल बघायचं, मग पान. आणि इनॉक्सिया या शब्दाचा अर्थ निरुपद्रवी. मिलरने १७६८ साली हे नाव कुठल्या मनःस्थितीत दिलं कोण जाणे.

या सगळ्यांच्या डोक्यावरचं नाव, दातुरा, मात्र आपलं. धत्तूर, धतुरा, धोतरा. लिनियसने ते इकडूनच उचललं. साबिनो कॅनियनच्या वाळूत उगवणाऱ्या झुडपाचं आडनाव संस्कृत आहे.

काकांना हे सांगितलं तर ते खूश. पण मूळचे सगळे धोतरे अमेरिकेतले, असं आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात हेही सांगितल्यावर विचारात पडले. "मग शंकराला अमेरिकेतून आणून वाहिलं का?" प्रश्न रास्तच होता. २००७ साली 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस'मध्ये यावर एक निबंध आलाय. जुने संस्कृत आणि अरबी ग्रंथ, दक्षिणेतल्या मूर्ती यांचे पुरावे मांडून लेखक म्हणतात की निदान मेटेल तरी कोलंबसाच्या बऱ्याच आधी, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या हजार वर्षांत, इकडे पोहोचला होता. कसा पोहोचला हा प्रश्न काकांनी विचारलाच. मी चहा मागवला.

गुरुवार, १४ ऑगस्ट

स्कॅन ४४. परक्या शीटची नोंद भरली आणि तोंडघशी पडले.

लेबलवर अक्षांश-रेखांश नाहीत, १९६१ मध्ये ते कोण लिहीत होतं. कॅनियन लांबलचक आहे. उंचीवरून खालच्या तोंडाकडचा भाग धरला: ३२.३१ उत्तर, ११०.८२ पश्चिम, चूक दोन किलोमीटरपर्यंत. नकाशा उघडला तर टिंब चीनमध्ये, हुबेई प्रांतात. पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह लावायचं राहिलं होतं. आमची आजवरची सगळी शीटं पूर्वेची, वजाची कधी वेळच आली नव्हती. उंचीच्या रकान्यातही २८०० तसंच टाकलं होतं, रकाना मीटरचा. म्हणजे पंधरा मिनिटं जगाच्या दृष्टीने हा धोतरा चीनमधल्या एका उंच डोंगरावर होता.

दोन्ही दुरुस्त्या केल्या. रकान्यांच्या वर लाल अक्षरांत सूचना लिहिली. बाकीची परकी एकोणचाळीस सापडतील तेव्हा उपयोगी पडेल.

सोमवार, १८ ऑगस्ट

मॅडमना म्हटलं, नवं नाव टाकून देते. त्या म्हणाल्या, "कशावरून?" मी म्हटलं, अ‍ॅरिझोनातलं आहे. "ते लेबलवर आहे. झाडावर काय आहे ते दाखव."

बरोबर आहे. पाकिटातलं सुटं फूल वापरायची परवानगी त्यांनीच दिली. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून फूल तरंगत ठेवलं. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग कडेची एक चुणी हलली. तपकिरी कागद हळूहळू कापडासारखा झाला, पाण्याला फिकट चहाचा रंग आला. वीस मिनिटांनी चिमट्याने कर्ण्याचं तोंड उलगडलं. एका बाजूला कसरीने खाल्लेलं भोक, पण कड बहुतेक शाबूत. एकेक टोक मोजलं: पाच. प्रत्येक टोकाला सुतासारखी लांब शेपटी, दोन शेपट्यांच्या मधली कड सपाट. इनॉक्सियाला मध्ये आणखी पाच बोथट टोकं असतात, एकूण दहा. कर्ण्याची लांबी १८ सेंटिमीटर.

फांदी स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरली. केस आखूड, वाकलेले, खोडाला चिकटून झोपलेले. इनॉक्सियाचे लांब, मऊ, उभे असायला हवेत.

मॅडम दोन्ही बघून गेल्या. "शेपट्या चालतील. केसावर एकट्यावर कधी जाऊ नकोस." कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात याच राइटिआयची काही झुडपं चिकट असतात, काही मखमली. फरक एका जनुकाचा, चिकटपणा प्रभावी. आमचं शीट मखमली दिसतंय, पण चौसष्ट वर्षांच्या वाळलेल्या फांदीवर चिकटपणा कसा ओळखायचा?

"आणि ताजा इनॉक्सिया शेजारी ठेवून बघ," जाता जाता म्हणाल्या.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलंय, नदीपात्रातला रस्ता बंद. ताजा धोतरा पाण्याखाली. स्कॅन २९.

सोमवार, २५ ऑगस्ट

बुधवारी गणपती. कॉलेजात अर्धं लक्ष कुणाचंच नाही. दुपारी मंडईत पत्री घ्यायला गेले. एकवीस पत्रींत धोतरा असतोच. पत्रीच्या ढिगात एक आजी बसलेल्या, पानं ओल्या फडक्याखाली. एक पान उचलून विचारलं, "आजी, हा धोतराच ना?"

"मग काय वांगं हाय?"

प्रश्न वाटतो तितका खुळचट नव्हता. कोवळं असताना दोन्ही पानांत फरक करणं अवघड, आणि शहरात विकणाऱ्यांच्या जुड्यांत काहीही निघतं. भिंगाखाली धरलं: लांब मऊ केस. इनॉक्सिया. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी सोनं पारखून घेतेय.

"काळा नाही का?"

"काळा म्हादेवाला. गणपतीला ह्यो चालतो." मग म्हणाल्या, "चुरगाळू नगं. हात डोळ्याला लावशील तर वाईट."

जुडी दहा रुपये. नमुना म्हणून वेगळी घेतली ती पण दहाला. पावती नाही, खर्च माझा.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गणपती, विसर्जन, सुट्ट्या. आज पुन्हा कामाला.

पाणी उतरलंय. नदीपात्रात उतरायच्या पायऱ्यांच्या शेजारी, गाळाच्या कडेला धोतऱ्याची सहा झुडपं. सर्वांत मोठं निवडलं. फुलाफळांसह तीन फांद्या कापल्या, जागेवरच टीपकागदात घालून प्रेस आवळला. कर्णा दाबण्यापूर्वी कड मोजली: दहा टोकं. पाच शेपट्या, मधे पाच बोथट. पुस्तकात म्हटलं होतं तसंच, तरी पुन्हा मोजली. खोडावर केस उभे, बोटाला चिकटसर.

मग लेबल लिहायला घेतलं आणि साबिनो कॅनियनच्या माणसाचा राग आला. त्याने लिहिलं होतं 'सुवासिक', 'संध्याकाळी उमलतात', 'बहुवर्षायू'. मी उभी होते दुपारी साडेबारा वाजता. फुलं कालची, लोंबलेली. वासाच्या जागी नदीचा वास. बहुवर्षायू की वर्षायू, हे एकदा पाहून कुणी कसं सांगायचं? तो माणूस त्या ओढ्यात किती वेळा गेला असेल, की त्याने सरळ कुदळ घातली?

तीनही रकाने रिकामे ठेवले. लाल नाडा आणला होता तो त्याच झुडपाच्या बुंध्याला बांधला.

बुधवार, १० सप्टेंबर

सकाळी आरशात पाहिलं तर उजव्या डोळ्याची बाहुली केवढी तरी मोठी, डावी नेहमीएवढी. जवळचं काही वाचता येईना. आई घाबरली, मी तिच्याहून जास्त. मेंदूचं काही असेल असंच वाटलं. डॉक्टरांनी टॉर्च मारला, दोन प्रश्न विचारले आणि तिसरा: "काल कुठलं झाड हाताळलंत का?"

मोजे होते. पण घाम पुसायला मोजा काढून नाडा बांधला होता. धोतऱ्यातली हायोसायमिन, स्कोपोलामिन, अ‍ॅट्रोपिन ही द्रव्यं डोळ्यात गेली की बाहुली सैलावते. डोळे तपासताना घालतात ते थेंब याच घराण्यातले. उपाय काही नाही, वाट बघायची. एक दिवस रजा.

मंडईतल्या आजींनी हे फुकट सांगितलं होतं.

सोमवार, १५ सप्टेंबर

डोळा शनिवारी ठीक झाला.

आज फक्त रिकामे रकाने भरायला संध्याकाळी नदीपात्रात. सहा वाजता पोचले, ओडोमॉस लावून दगडावर बसले. नाड्याच्या झुडपावर आजच्या चार कळ्या. बंद छत्रीसारख्या पिळलेल्या, पीळ डावीकडून उजवीकडे, टोकाला पाचही शेपट्या एकत्र वळलेल्या.

६.३५: सूर्य गेला. कळ्या तशाच. क्रिकेटवाली पोरं घरी.

६.४८: एका कळीचा पीळ सैल. टोकाशी करंगळी जाईल एवढं भोक.

६.५३: कळी थरथरली. वारा असेल म्हणून देठ हातात धरला (मोजा घालून). वारा नव्हता. कड एका बाजूने सुटली, अडली, मग एकदम सगळी. जवळजवळ हिसका बसल्यासारखी. शेपट्या मागे वळल्या. शेवटची चुणी सपाट व्हायला आणखी दोन मिनिटं.

७.०५: चारही उघडी. वास. आधी लिंबासारखा, जवळ गेल्यावर गोड आणि जड, फार वेळ घेतला तर डोकं दुखेल असा. 'सुवासिक' हा शब्द पुरत नाही. लेबलवर एवढीच जागा असते हेही खरं.

७.२०: हॉक मॉथ. एकाच जागी तरंगत, सोंड आधी, मग अर्धं अंग कर्ण्यात. दोन फुलं करून गेला. अ‍ॅरिझोनात हे काम त्याच्याच जातकुळीतल्या मॅन्डुका पतंगाचं. तो फुलातला मध पितो, परागण करून देतो आणि मादी जाताना पानांवर अंडी घालून जाते. अळ्या झाड ओरबाडून खातात. आज इथे अंडी दिसली नाहीत, पण एका पानाच्या कडा खाल्लेल्या होत्या.

दोन रकाने भरले. वर पायऱ्यांवर एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन थांबले होते. "काय हरवलंय का?" म्हणाले. नाही म्हटलं, धोतरा उमलताना बघत होते. ते एक पायरी वर सरकले.

बुधवार, २४ सप्टेंबर

स्कॅन ५१, आजवरचा उच्चांक. सातवं कपाट संपत आलं.

परक्या शीटचा संग्राहक क्रमांक अमेरिकेतल्या हर्बेरियमांच्या सामायिक विदागारात टाकून पाहिला. सापडला. त्याच दिवशीचा, त्याच क्रमांकाचा जोड नमुना तिकडच्या एका संग्रहात आहे, फोटोसह. नाव केव्हाच बदलून राइटिआय केलेलं. आमचं लेबल आणि ते लेबल शब्दशः एक, कार्बन घालून टाइप केलेलं. त्यांची प्रत पहिली, आमची तिसरी-चौथी असावी, आमच्याकडे अक्षरं पुसट आहेत.

झाड मोठं असलं की संग्राहक त्याचे भाग करून वाटतो. आम्हाला फुलांच्या फांद्या आल्या. त्यांच्या वाट्याला एकच आखूड फांदी, आणि खाली शीटच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचा मुळाचा उभा काप. फोटो मोठा केला. साल सुरकुतलेली, आत पांढुरका गर वाळून चिरा पडलेला. शेजारच्या पट्टीवर मोजलं: रुंदी नऊ सेंटिमीटर. माझ्या मनगटापेक्षा जाड. वरच्या टोकाला जुन्या खोडांचे वाळलेले खुंट, एकाशेजारी एक. मी मोजले तेव्हा चार भरले, काकांनी पाच. हिवाळ्यात वरचं झुडूप मरतं आणि पुढच्या वर्षी याच मुळातून नवं फुटतं, त्याचा हिशोब तिथे होता. म्हणजे त्याने कुदळच घातली होती.

काका बराच वेळ स्क्रीनपाशी उभे होते. "हे आपल्याच झाडाचं?" म्हणाले. हो म्हटलं. "मग धड तिकडं नि फुलं इकडं."

सोमवार, २९ सप्टेंबर

परकं शीट चिकटवलं. जाड फांदीला सुईदोऱ्याने चार टाके, पानांना फेव्हिकॉल पातळ करून. भिजवलेलं फूल टीपकागदात वाळवून परत त्याच पाकिटात, पाकीट उजव्या कोपऱ्यात. वर्तमानपत्राची घडीही वेगळ्या लिफाफ्यात ठेवली. मॅडम म्हणाल्या कचरा आहे, मी म्हटलं तारीख आहे.

जुन्या लेबलला हात लावायचा नसतो. त्याच्या वर नव्या नावाची चिठ्ठी: दातुरा राइटिआय रेगेल. सही मॅडमची, साल यंदाचं. खाली एक ओळ मी घालून घेतली: 'मूळ जोड नमुन्यावर पाहावे.' पुढे जोड संग्रहाचा बारकोड.

माझं बी.एस्सी.चं शीटही स्कॅन केलं. दुरुस्त करता येत नाही. झाड कुठल्या टेकडीवरचं होतं हेच आठवत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिल्यांदा नदीपात्रात. कड साफ केलीय. जेसीबीच्या चाकांच्या खुणा, राडारोड्याचा ढीग, सहाही झुडपं जमीनदोस्त. आठवं कपाट (एरंडाचं कुळ) चालू आहे आणि त्यातही बरीच कीड आहे, त्यामुळे फार वेळ थांबले नाही. निघताना मातीत लाल काहीतरी दिसलं. नाडा. बुंधा जमिनीलगत तुटलेला, नाडा खालच्या भागाला तसाच.

नदीपात्राचे दोन फोटो काढले, नोंदीला जोडलेत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नाड्याच्या बुंध्यातून तीन कोंब. सर्वांत उंच ४ सेंटिमीटर. पानं दोन-दोन, केसाळ. बाकीच्या पाच झुडपांचा पत्ता नाही. हाताने थोडी माती बाजूला केली (मोजे घालून). मूळ अंगठ्याएवढं, खाली किती गेलंय ते कळलं नाही. खणलं नाही.

लेबलवरचा तिसरा रकाना अजून रिकामा. मे महिन्यात परत बघायचं. काकांना तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितली. त्यांनी १५ मेवर 'धोतरा' लिहिलं, आणि पुढे कंसात 'चष्मा'.